बर्फ, जुने मित्र आणि राहिलेले तीस हजार

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. वय चाळीस. आठ एकर शेती आहे. कपाशीत तूर, आणि जेवढं ओलीत आहे तेवढ्यात हरभरा. सहावीपासून बारावीपर्यंत मी नवोदय विद्यालयात होतो. आम्ही चौघं एकाच हाऊसचे, शिवालिकचे. नववीला चौघंही मायग्रेशनवर, म्हणजे एका वर्षासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये, हिंदी मुलखात गेलो होतो. २००३ ला बारावी झाली. तिघं पुढे इंजिनीअर झाले. एक पुण्यात आहे, एक म्युनिकला, एक टोरांटोला. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना बाबांचं ऑपरेशन झालं आणि शेती माझ्याकडे आली.

आता तिघांनी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कझाकस्तानात जायचं ठरवलंय. अल्माटीजवळ शिम्बुलाक म्हणून जागा आहे, तिथे आठ दिवस स्नोबोर्डिंग, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरायचं. मला म्हणतात, तू फक्त पासपोर्ट काढ, बाकी आम्ही पाहतो. बायको म्हणते, "जा ना, घरचं मी पाह्यतो." बाबा म्हणतात, "हे लेकरायचे खेळ." गावात आताच सुरू झालंय, "कापसाले भाव नाही अन् हा बर्फावर घसरायले चालला." मागच्या वर्षी आमच्याच आळीतला एक शेतकरी गेला. कसा गेला ते लिहीत नाही. अशा गावातून मी बर्फात खेळायला कोणत्या तोंडानं जाऊ? हातपाय मोडला तर शेती कोण करणार? इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळतो. आणि एक. २०१७ ला बोंडअळीनं कपाशी गेली तेव्हा पुण्याच्या मित्राकडून साठ हजार घेतले होते. तीस दिले, तीस राहिले. त्यानं कधी मागितले नाहीत. मीच फोन करणं सोडलं. जाऊ की नको?

उत्तर

भाऊ, जा.

पत्र वाचून झालं तेव्हा मनात हेच आलं, आणि नंतर तुमच्या एकेका अडचणीवर विचार केला तरी ते बदललं नाही. पण त्याआधी एक काम आहे, पासपोर्टच्याही आधीचं. पुण्याला फोन करा.

पैशाचा विषय तुम्ही "आणि एक" म्हणून शेवटी लिहिलात. मला वाटतं, बाकीच्या सगळ्या शंकांना जोर तिथूनच मिळतोय. गावाची कुजबुज, इंग्रजी, हात मोडण्याची भीती, या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांना वाट काढता येते. ज्याचं देणं आहे त्याच्याच पैशानं विमानात बसायचं, हे मात्र तुमच्या गळ्याखाली उतरत नाहीये. आणि ते उतरू नये, हे तुमच्या चांगुलपणाला धरूनच आहे. २०१७ चा तो हंगाम विदर्भातला कोण विसरेल? बोंड वरून चांगलं दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. त्या वर्षी घेतलेले पैसे वेळेवर परत न होणं यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण तुम्ही फोन बंद केलात, आणि त्या तीस हजारांवरचं व्याज इतकी वर्षं मैत्रीतून भरत आलात.

जरा पुण्यातल्या मित्राच्या जागी बसून पाहा. त्यानं अडचणीत पैसे दिले आणि त्यानंतर मित्रच बोलेनासा झाला. त्यानं पैसे मागितले नाहीत, कारण तुम्हाला टोचेल असं त्याला वाटलं असणार. तुम्ही फोन केला नाहीत, कारण तो मागेल असं तुम्हाला वाटलं. दोघंही एकमेकांना जपत राहिलात आणि त्यात वर्षं गेली. आता तो म्हणतोय, तू फक्त पासपोर्ट काढ. मला यात उपकार कमी आणि तुम्हाला परत बोलावणं जास्त ऐकू येतं.

तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर, तो घरी निवांत असेल अशा वेळी फोन करा. व्हॉट्सअॅपवर लिहू नका, ग्रुपवर तर नाहीच नाही. फार प्रस्तावना नको. "अरे, तुझे तीस हजार माझ्याकडे आहेत, मी विसरलो नाही. लाजेपायी फोन करणं सोडलं. तूर विकली की दहा पाठवतो, राहिलेले पुढच्या कापसावर." एवढं बोला आणि थांबा. तो "सोड रे" म्हणेल. वाद घालू नका, पण तुरीचे पैसे हातात आले की ठरलेले दहा हजार पाठवाच. दहा जमत नसतील तर पाच सांगा, पण आकडा सांगा आणि पाळा. तुम्ही त्याच्यासमोर ताठ उभं राहणं हे त्या पैशापेक्षा त्यालाही जास्त हवं असेल.

सहलीचा खर्च आणि हे जुनं देणं यांची खाती वेगळी ठेवा. सहलीत तुमचा वाटा किती, तो आधी स्वतःशी ठरवा आणि तिघांना एकदाच सांगा. माझ्या मते पासपोर्ट, विमा, दिल्लीपर्यंतची रेल्वे, अंगावरचे कपडे आणि खाण्यापिण्यातला आपला भाग एवढं तुम्ही उचलावं. विमानाचं भाडं, राहणं, बोर्डाचं भाडं आणि डोंगरावरचे पास त्यांना करू द्या. तिघांची कमाई तुमच्याहून कितीतरी जास्त आहे, आणि वाटा समान नसला म्हणून माणूस लहान होत नाही. तुमच्या वाट्याचे पैसे मात्र पीककर्जाच्या पैशातून काढू नका. कर्ज वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडत नाही, ती सवलत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मिळते. मार्चअखेरीचा हप्ता आधी बाजूला ठेवा. तो ठेवून वाटा निघत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि तो भारही त्यांना घेऊ द्या. कोणाकडून नव्यानं उसने घेऊन जायचं असेल तर मात्र मी "जा" हा शब्द मागे घेते.

आता गाव. "कापसाले भाव नाही" हे खरंच आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या घरातही कापूस पडून आहे, म्हणून त्याच्यावर रागावू नका. लपवाछपवी तेवढी करू नका. चोरून गेलात आणि मग स्टेटसवर बर्फातला फोटो दिसला तर लोकांना ते लागेल. स्वतःहून सांगा, पारावर बसून सांगा, की शाळेचे मित्र बोलावताहेत, खर्च बराचसा तेच करताहेत, आठ दिवसांत परत येतो. खरं कळलं की कुजबुजीला फार दिवस खुराक मिळत नाही.

आळीतल्या त्या घराबद्दल तुम्ही लिहिलंत, ते वाचून मी बराच वेळ थांबले. तुम्ही गेला नाहीत तर त्या घराचं दुःख कमी होणार नाही. निघण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसा, त्यांची तूर काढायची राहिली असेल तर मदतीला जा, पोरांच्या शाळेचं विचारा. त्याचा सहलीशी काही संबंध नाही, ते एरवीही करायचंच आहे. पण एक गोष्ट मला तुम्हाला ठासून सांगायची आहे. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशी ओलांडली की शेतकऱ्याला बोलायला माणूस उरत नाही. कृषी केंद्रावर औषधाचं बोलणं होतं, बँकेत कर्जाचं होतं, पारावर राजकारणाचं होतं. रात्री झोप येत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, हे कोणाला सांगायचं? बायकोला सांगितलं तर ती घाबरेल, बाबांना सांगितलं तर ते खचतील. अकराव्या वर्षापासून एका डॉर्मिटरीत झोपलेले तीन मित्र ज्याच्याकडे आहेत, त्यानं ते हातचे जाऊ देऊ नयेत. अशी मैत्री ही मी चैनीत धरत नाही. बियाणं आणि पाणी यांच्याइतकीच ती शेतकऱ्याच्या गरजेची आहे, आणि ती जगवायला आठ दिवस द्यावे लागत असतील तर ते द्यायलाच हवेत. (तुमच्या गावात कोणाला फार अंधारून आल्यासारखं वाटत असेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो. तो शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा.)

शेतीचं गणित तुम्हाला मी काय सांगावं! तरी फेब्रुवारीचा तिसरा आठवडा मला बरा दिसतो. फरदड (वेचणीनंतरही राखलेली तीच कपाशी) ठेवली नाही तर कपाशी तोवर निघालेली असते, आणि बोंडअळीपायी फरदड ठेवू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतोच. तूर घरात आलेली असते. हरभरा घाट्यांवर असतो, त्याची सोंगणी पेरणीच्या तारखेवर अवलंबून, पण बहुतेक तुम्ही परत आल्यावरच. त्या आठवड्यात मजुरांचं आणि पाण्याच्या पाळीचं पाहायला भाऊबंदांपैकी एकाला आधीच बोलून ठेवा.

बायको "घरचं मी पाह्यतो" म्हणाली. ते एक वाक्य म्हणजे म्हशीचं दूध, पोरांची शाळा, बाबांच्या गोळ्या आणि रात्री-बेरात्री येणाऱ्या थ्रीफेज लाईनवर मोटर सुरू करायला शेतात जाणं. बँकेचं कार्ड, फोनवरून पैसे पाठवायची सोय आणि दुकानदाराची उधारी तिच्या हाती नीट सोपवून जा. शिवाय तिला एक विचारा, तुला कोणाला भेटायचंय? तिच्याही दहावी-बारावीच्या मैत्रिणी कुठे कुठे नांदत असतील. मार्च-एप्रिलमध्ये ती चार दिवस जाईल आणि तेव्हा म्हैस तुम्ही पाहाल, हे विमानात बसण्याआधी ठरू द्या.

आता बर्फाकडे येऊ. बाबांना सांगा, हा मुळात लेकरांचाच खेळ आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेत मिशिगनमध्ये शेरमन पॉपेन नावाच्या माणसानं आपल्या मुलींसाठी दोन स्की (बर्फावर घसरायच्या पट्ट्या) एकमेकींना जोडल्या आणि त्यावर उभं राहून त्यांना घसरू दिलं. तिथून हे सुरू झालं आणि १९९८ मध्ये जपानच्या नागानोला ऑलिंपिकपर्यंत पोचलं. आजही चाळिशीतली कितीतरी माणसं पहिल्यांदा बोर्डावर उभी राहतात.

स्कीमध्ये दोन पायांत दोन पट्ट्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात आणि हातात काठ्या नसतात. उताराकडे खांदा करून आडवं घसरायचं. तुम्ही लहानपणी बैलांच्या मागे वखरावर वजन म्हणून उभे राहिला असाल, तर शरीराला ही गोष्ट अनोळखी नाही. गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर, नजर लांब. पायाखाली पाहिलं की तोल जातो. काही जण डावा पाय पुढे ठेवतात, काही उजवा. आपला कोणता हे कळायला सोपी रीत आहे. सरळ उभे राहा आणि कोणाला तरी मागून न सांगता हलकासा धक्का द्यायला सांगा. जो पाय आपोआप पुढे पडेल तो बोर्डावरही पुढे. बोर्ड भाड्यानं घेताना हे विचारतातच.

पहिला दिवस पडण्यातच जातो. सगळ्यांचा जातो. बोर्डाला दोन लांब कडा असतात, एक टाचेकडची आणि एक बोटांकडची. नेहमी डोंगराकडची कड बर्फात रुतलेली हवी. उताराकडची कड चुकून रुतली की बोर्ड जागीच अडतो आणि माणूस धाडकन आपटतो. म्हणून आधी शिकवतात ते टाचेच्या कडेवर, दरीकडे तोंड करून, हळूहळू खाली सरकणं. वळणं नंतर. वेगाची घाई करू नका.

तुमची हात मोडण्याची भीती अगदी बरोबर जागी आहे. नवशिक्याला स्नोबोर्डवर सगळ्यात जास्त दुखापत मनगटाला होते, कारण पडताना आपण आपसूक तळहात टेकवतो. मनगट मोडलं की फवारणीचा पंप, दूध काढणं, बैल आवरणं, सगळं थांबलं. म्हणून मनगटाला आधार देणारे पट्टे मिळतात, ते हातमोज्यांसोबत घालाच. हेल्मेट घालाच. माकडहाडासाठी आतून गादी असलेली चड्डी मिळते, तिची लाज वाटू देऊ नका. पुढे पडलात तर मुठी मिटून गुडघे आणि कोपरापासूनचे हात टेकवा. मागे पडलात तर हनुवटी छातीला लावा, खाली बसल्यासारखे व्हा आणि पाठीवर लोळा, हात मागे नेऊ नका. हे घरी गादीवर किंवा कुटाराच्या ढिगावर करून पाहता येतं. थकल्यावर "एक शेवटची फेरी" म्हणून निघू नका. पाय थकले की बोर्ड ताब्यात राहत नाही. आखलेल्या, राखलेल्या वाटा सोडून मोकळ्या बर्फात जाऊ नका, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. आणि संध्याकाळी मित्रांबरोबर काय घ्यायचं ते घ्या, पण बोर्डावर चढण्याआधी दारूचा थेंब नको.

विम्याकडे बारीक लक्ष द्या. प्रवासाच्या साध्या विम्यात बर्फातले खेळ बहुधा धरलेले नसतात. स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग धरलंय असं लिहिलेलाच विमा घ्या. त्यासाठी चार पैसे जास्त पडतील. ते द्या, यात काटकसर करू नका.

कपड्यांचं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण बर्फात अंगाला लागून सुती काहीही नको. कापूस घाम पितो आणि ओलाच राहतो, मग थंडी हाडापर्यंत जाते. आतून लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. वरचं जाकीट-पँट अशा ठिकाणी भाड्यानं मिळतं, विकत घेऊ नका. लोकरी मोज्यांचा एकच जोड घाला. दोन घातले तर बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. फेब्रुवारीत तिथे पारा शून्याच्या बराच खाली जातो, पण आकाश मोकळं असलं की बर्फावरून ऊन दुपटीनं अंगावर येतं. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला सनस्क्रीन पाहिजे. शिम्बुलाकचा पायथाच २,२०० मीटरच्या वर आहे आणि वरचं टोक ३,२०० मीटरच्या आसपास. आपलं चिखलदरा ११०० मीटरचं, म्हणजे पायथ्यालाच तुम्ही चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर असाल. पहिल्या दिवशी दम लागेल, डोकं जड होईल. पाणी भरपूर प्या आणि तो दिवस हळू घ्या. निघण्याआधी एकदा रक्तदाब तपासून घ्या.

आता मैत्रीच्या अंगानं एक सूचना, आणि ती तिघांनाही वाचून दाखवा. मित्रांकडून बोर्ड शिकू नका. म्युनिकवाला आणि टोरांटोवाला बर्फात मुरलेले असतील तर त्यांना वाटेल आपण शिकवू. पहिल्या तासाला हसतील, दुसऱ्या तासाला कंटाळतील, तिसऱ्या तासाला तुम्हाला ओझं झाल्यासारखं वाटेल. पहिले दोन दिवस तिथला शिक्षक लावा. नवशिक्यांच्या गटात जा, तिथे सगळेच पडत असतात. मित्रांना त्यांच्या उंच उतारांवर जाऊ द्या आणि दुपारच्या जेवणाला एकत्र या. पुण्यातल्याला बोर्ड येत नसेल तर तो तुमच्याच वर्गात असेल, आणि मला मनापासून वाटतं की तसंच असावं. तीस हजारांचं बोलणं झाल्यावर दोघं शेजारी शेजारी बर्फात आपटलात तर त्याहून चांगलं काय!

हे सांगायचं कारण, खेळात माणसं एकमेकांपासून दूरच असतात. जो तो आपल्या वेगानं खाली येतो. गप्पा होतात त्या पाळण्यात. मेदेऊच्या बर्फाच्या मैदानापासून शिम्बुलाकपर्यंत साडेचार किलोमीटरचा रोपवेचा पाळणा आहे, त्यात चौघं समोरासमोर बसाल. किंवा रात्री बूट काढून पाय पसरले की. म्हणून मित्रांना सांगा, वेगवेगळ्या हॉटेलच्या खोल्या नकोत, स्वयंपाकघर असलेलं एक घर भाड्यानं घ्या. तुमची सात वर्षं एका छताखाली गेलीत, हे आठ दिवसही तसेच जाऊ द्या. मधले एक-दोन दिवस बोर्ड बाजूला ठेवून अल्माटी शहरात नुसते भटका.

स्वयंपाकघर म्हटलं की तुमच्यासारखा माणूस काय करेल ते मला दिसतंय. तूरडाळ, ठेचा, पापड बांधून न्याल. जरूर न्या. पण खर्च त्यांचा म्हणून रोज उठून तुम्हीच भाजी-पोळी करायची आणि भांडी घासायची, असं होऊ देऊ नका. एक दिवस बेसन-भाकर तुमच्या हातची, बाकी दिवस पाळी लावा. मेसमध्ये वाढायला पाळ्या होत्याच की. बाहेर खाताना विचारून खा. तिकडे घोड्याचं मांस आवडीनं खातात, त्यांच्या बेशबर्माक या पारंपरिक पदार्थातही ते असतं. घरी माळकरी वातावरण असेल तर पदार्थ मागवण्याआधी त्यात काय आहे ते पक्कं करून घ्या.

इंग्रजीची काळजी तर सोडाच. अल्माटीत बाजारात, टॅक्सीत रशियन आणि कझाक चालतं. तुमच्या टोरांटोवाल्याचं इंग्रजीही तिथे फारसं कामाला येणार नाही, फोनमधलं भाषांतर सगळ्यांनाच काढावं लागेल. आपल्याकडची बरीच मुलं तिथे एमबीबीएस शिकतात, एखादवेळी रस्त्यात हिंदी-मराठीही कानावर पडेल. राहिली मित्रांसमोरची भीती. मायग्रेशनला गेलात तेव्हा चौघांनाही धड हिंदी येत नव्हती आणि तरी वर्ष काढलंत ना? त्यांनी तुम्हाला तेव्हापासून पाहिलंय. ते पगाराचं, घराच्या किमतीचं बोलतील, तेव्हा गप्प बसू नका. तुम्ही बोंडअळीचं बोला, पावसाचं बोला, बाबांच्या ऑपरेशनच्या वर्षी कॉलेज सोडलं त्याचं बोला. ते त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नसेल. आणि त्यांचंही ऐका. परदेशात एकटं पडणं काय असतं, आईबाप इकडे म्हातारे होताना फोनवर पाहणं काय असतं, हे ते तुमच्याशिवाय कोणाशी बोलणार?

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरायचा, साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. आपला विभाग नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे येतो, पण बऱ्याच ठिकाणी मोठ्या पोस्टातही सेवा केंद्र आहे, जवळचं कोणतं ते अर्जातच दिसेल. दहावीचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे पासपोर्टवर नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यांच्या तपासणीचा शिक्का येत नाही. आधार, शाळेचा दाखला आणि सातबारा यांवर तुमचं नाव सारखं आहे का ते आधी पाहा, गावाकडे अडतं ते इथेच. नंतर पोलीस ठाण्यातून पडताळणी होते. हे सगळं डिसेंबरात उरकलं पाहिजे. कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्याच्या दिवशी नियम पुन्हा तपासा. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि विम्याचा कागद छापून जवळ ठेवा. वर्ध्याहून किंवा नागपूरहून रेल्वेनं दिल्ली, आणि दिल्लीहून अल्माटीला थेट विमान आहे, साडेतीन-चार तासांचं. धुक्यानं गाड्या रखडतात, म्हणून दिल्लीला एक दिवस आधी पोचा. पुण्यातल्याला सांगा, तूही दिल्लीलाच भेट, पुढे बरोबर जाऊ.

पण हे सगळं फोननंतर. आज पत्र वाचलंत तर आजच रात्री करा. काय बोलणं झालं ते मला कळवा, आणि तूर विकल्यावर पहिले पैसे पाठवलेत की तेही लिहा.